परदेश म्हणजे नेमका कोणाचा? जकात, दस्तक आणि आपले सोयीचे विस्मरण

#धागा

गेल्या आठवड्यात एक मजकूर माझ्यापर्यंत चार निरनिराळ्या गटांतून येऊन पोहोचला. त्याचा आशय असा : इंग्रज येण्यापूर्वी हिंदुस्थानात व्यापार मोकळा होता, कोणीही कोठूनही माल आणावा आणि विकावा, परवाने, शिक्के, नमुने, तपासण्या ही सारी गोऱ्या साहेबाची देणगी. आमच्या कुटुंबाच्या गटावर तो माझ्या मामांनी टाकला. खाली एकच ओळ लिहिली होती : ‘बघ, तुझा इतिहास काय म्हणतो ते.’

मामांचा राग समजण्यासारखा आहे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे लहानसे वर्कशॉप आहे. जर्मनीहून मागवलेला यंत्राचा एक सुटा भाग न्हावाशेवा बंदरात अडकून पडला होता. कारण काय, तर तो ‘बेअरिंग’ म्हणून मोजायचा की ‘यंत्राचा भाग’ म्हणून, यावर एकमत होईना. वर्गीकरणाचा आठ आकडी क्रमांक बदलला की शुल्क बदलते, शुल्क बदलले की बिल ऑफ एंट्री दुरुस्त करावे लागते, आणि तोवर गोदामाचे भाडे चढत राहते. अशा वेळी माणसाला कोणावर तरी खापर फोडायचे असते आणि मेलेला इंग्रज त्या कामी फार सोयीचा असतो.

तरीही मामा, तुम्ही विचारलेच आहे, तर उत्तर देते. तो मजकूर खोटा आहे. आणि तो निरुपद्रवी खोटा नाही, कारण त्याने आपल्याच राज्यकर्त्यांचे एक मोठे कर्तृत्व पुसले जाते. ‘आपल्याकडे कागद नव्हता’ असे म्हणताना आपण नकळत ‘आपल्याकडे राज्य नव्हते’ असे म्हणत असतो. कंपनीचे जुने अधिकारी नेमके हेच म्हणत आले होते.

प्रथम साधी गोष्ट. मुंबईत मांडवी नावाचा भाग आहे. ‘मांडवी’ या शब्दाचा जुन्या मराठीतला एक अर्थच मुळी जकातघर असा आहे. बंदरावर उतरलेला माल जेथे मोजला जाई ती जागा. जकात, हशील, दस्तक, कौल, चौकी, कमाविसदार यांतील काही शब्द अरबी-फारशीतून आले असतील, परंतु ते इंग्रजांच्या जहाजातून उतरलेले नाहीत. पेशवाईत माल भरताना द्यायची ती थळभरीत आणि माल उतरवून विकताना द्यायची ती थळमोड. ज्या भाषेत माल चढवण्याच्या आणि उतरवण्याच्या करांना वेगवेगळी नावे आहेत, त्या भाषेच्या प्रदेशात कोणी कागद मागत नसे, हे कसे मानायचे?

आता मुख्य मुद्दा. ‘परदेशात माल नेण्याचे नियम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपण मागणारे आणि कोणी परका अधिकारी देणारा, असे चित्र उभे राहते. सतराव्या शतकाच्या कोकणात ते चित्र उलटे करून पाहावे लागते. १६७४ साली इंग्रजांसाठी परदेश कोणता होता? रायगड.

त्या वर्षीच्या जून महिन्यात राज्याभिषेकासाठी आलेला हेन्री ऑक्झेंडन केवळ नजराणा देऊन टाळ्या वाजवायला आलेला नव्हता. तो वीस कलमांचा मसुदा घेऊन आला होता. पाठ्यपुस्तकातील चित्रांत तो मुजरा करताना दिसतो; त्या कलमांविषयी मात्र कोणी बोलत नाही. त्यांत वखारी कोठे घालता येतील (राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण), आणलेल्या मालावर शेकडा अडीच जकात भरावी, वखारीच्या लुटीची भरपाई कशी मिळावी, हे सारे होते. राजापूरच्या लुटीपोटी दहा हजार होनांची रक्कम ठरली आणि तीतील काही भाग राजापुरास कंपनीने भरावयाच्या जकातीतून वळता करून घेण्याचे ठरले. रोख पैसा कमी द्यावा, येणे असलेल्या करातून सूट द्यावी, म्हणजे भरपाई हवी असेल तर व्यापार चालू ठेवणे भाग पडावे, ही युक्ती मला तरी कोणत्याही लढाईच्या डावपेचाइतकीच वाचनीय वाटते.

दोन कलमांवर महाराजांच्या बाजूने आधी हरकत निघाली. एक, इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे हे. दुसरे, किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत मिळावा हे. दोन्ही हरकतींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : आमच्या भूमीवर कोणाचे नाणे आणि कोणाचा कायदा? अडीच टक्क्यांवर घासाघीस करता येते. या प्रश्नावर करता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, अडीच टक्के म्हणजे अगदीच हलकी जकात. म्हणजे महाराज मुक्त व्यापाराचेच पुरस्कर्ते. थांबा. याच्या तीनच वर्षे आधीचे, १६७१ चे, कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेले पत्र काढा. शिवजयंतीला ते ‘महाराजांचे स्वदेशी धोरण’ या मथळ्याखाली फिरते. फिरते, पण वाचले जात नाही.

त्या पत्राची हकिगत अशी. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त मिळे. घाटावरचे व्यापारी आपले बैल घेऊन तिकडे वळू लागले. परिणामी संगमेश्वराकडील आणि एकूण स्वराज्याच्या किनाऱ्यावरील मिठाला गिऱ्हाईक उरेना. आगरे ओस पडण्याची आणि बंदरांचे उत्पन्न बुडण्याची चिन्हे दिसू लागली. यावर आज्ञा अशी की बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, इतकी की संगमेश्वरच्या मिठाचा भाव आणि वाहतूक यांचा हिशेब करता परके मीठ महाग पडावे.

लक्षात घ्या, बंदी घातलेली नाही. ‘फिरंग्याचे मीठ खाऊ नका’ असा उपदेश नाही. व्यापाऱ्याला देशद्रोही ठरवलेले नाही. मूळ भाव पाहा, वाटखर्च पाहा, फरक काढा आणि तेवढा भार टाका, एवढीच आज्ञा. आजच्या अर्थशास्त्राच्या वर्गात याला संरक्षक शुल्क म्हणतात. मग तीन वर्षांत दोन धोरणे का? कारण ती दोन वेगळ्या मालांविषयी होती. इंग्रज ज्या वस्तू आणीत त्यांच्यामुळे येथील आगरी उपाशी मरत नव्हता. उलट त्यांच्या वखारींनी बंदर जागते राही. बारदेशच्या मिठाने आगरीच मरत होता. ज्यांना महाराज ‘मुक्त व्यापारी’ हवे आहेत आणि ज्यांना ते ‘बहिष्कारवादी’ हवे आहेत, त्या दोघांनाही हे पत्र आणि तो तह शेजारी ठेवून वाचण्याची विनंती आहे. दोघांचीही थोडी अडचण होईल.

अर्थात कागद मागण्यात पहिली बाजी मारली होती ती पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना चालू केला. शब्द मूळचा अरबी. ‘किर्तास’ म्हणजे कागद. जहाजाचे नाव, तांडेल कोण, शस्त्रे किती, कोठून कोठे जाणार, हे सारे त्यात नोंदवायचे, पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची आणि ज्या मालाची मक्तेदारी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती तो माल भरायचा नाही. कागद नसेल तर जहाज जप्त. मोगल बादशहाच्या हज यात्रेच्या जहाजांनाही हा परवाना घ्यावा लागे. अकबराच्या दरबारातील बदायुनीला त्यातली टोचणी नेमकी जाणवली होती : मक्केला निघालेल्या मुसलमानाने येशू आणि मरियमेची चित्रे असलेला परवाना खिशात बाळगायचा!

ज्या समुद्रावर पोर्तुगीजांचा जन्म झाला नव्हता, त्या समुद्रावर चालण्याचा परवाना ते देत होते. याला कोणी चाचेगिरी म्हटले का? युरोपच्या इतिहासात तो ‘सागरी साम्राज्य’ या भारदस्त नावाखाली नोंदला गेला.

आता कान्होजी आंग्रे. सरखेल कान्होजींनी कोकण किनाऱ्यावर हेच केले. आमच्या पाण्यातून जायचे तर आमचा दस्तक घ्या, हशील भरा. नसेल तर जहाज धरू. फरक इतकाच की हा समुद्र त्यांच्या दारातला होता आणि त्यांना सरखेली छत्रपतींच्या गादीकडून मिळालेली होती. यावर कंपनीचा पवित्रा काय होता? मुंबईकर इंग्रज स्वतः हिंदी व्यापाऱ्यांच्या गलबतांना पास देत होते आणि ते आंग्र्यांनी मानावेत असा आग्रह धरीत होते. आंग्र्यांचा दस्तक मात्र घेणार नाहीत. म्हणजे वाद कागद असावा की नसावा हा नव्हता. वाद कोणाचा कागद चालावा हा होता.

यात एक बारकावा आहे आणि तो मामांना लगेच कळेल. इंग्रजी निशाणाखाली चालणाऱ्या कितीतरी जहाजांवर माल कंपनीचा नसेच. कंपनीच्या नोकरांचा खाजगी किंवा देशी सावकारांचा असे. आंग्र्यांशी झालेल्या बोलाचालीत इंग्रज म्हणत, निशाण पाहा. कान्होजी म्हणत, माल कोणाचा ते सांगा. आजही सीमाशुल्क खात्याशी वाद होतो तो नेमका येथेच : कागदावरचे नाव खरे की मालाचा खरा धनी दुसराच? अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अलिबागला बसलेला माणूस हा प्रश्न विचारत होता, आणि ज्याला या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नव्हते त्याने त्याला चाच्या ठरवले.

गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग, खांदेरी, कुलाबा यांवर मोहिमा काढल्या; १७२१ साली तर पोर्तुगीजांना बरोबर घेऊन. त्या फसल्या. ज्यांनी दोनशे वर्षे कार्ताझ विकले ते आणि ज्यांना आपले पास विकायचे होते ते, दोघे मिळून तिसऱ्याच्या दस्तकाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारतात, हा विनोद मराठी लेखकांच्या नजरेतून कसा सुटला कोणास ठाऊक. अजूनही मराठीतील काही लोकप्रिय लेखांत ‘आंग्र्यांची चाचेगिरी’ हा शब्दप्रयोग अवतरणचिन्हांशिवाय वापरला जातो. इंग्रजी पुस्तकातून उचललेला शब्द आहे. उचलताना निदान झटकून तरी घ्यावा.

आणि येथे आपल्याला आवडणार नाही अशी गोष्ट सांगणे भाग आहे. आंग्र्यांचे आरमार इंग्रजांना एकट्याने मोडता आले नाही. ते १७५६ साली विजयदुर्गात जळाले तेव्हा पुण्याच्या पेशव्याची इंग्रजांशी युती होती. तुळाजी आंग्रे उर्मट होता, पेशव्यांना जुमानत नव्हता, सगळे मान्य. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर मराठ्यांचा कागद चालवू शकणारी एकमेव शक्ती पुण्याने स्वतः बुडवली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील तहात डच व्यापाऱ्यांना आपल्या मुलखात येऊ न देण्याचे कबूल केले. एका परक्याला वगळण्याचे वचन दुसऱ्या परक्याला देणे, म्हणजे आपल्या बंदराची किल्ली त्याच्या हाती सोपवणे होय. शिवछत्रपतींनी फ्रेंच, डच, इंग्रज सगळ्यांना दारात ठेवले होते ते उगीच नव्हे.

आता आमच्या गावाकडे येते. हडपसरचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते २५ ऑक्टोबर १८०२ मुळे. यशवंतराव होळकरांनी दिवाळीच्या दिवशी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा येथे पराभव केला. आज त्या बाजूला सोलापूर रस्त्यावर उड्डाणपूल आहे आणि त्याखाली वाहनांची न संपणारी रांग. लढाईची हकिगत आमच्याकडच्या शाळेतल्या पोरालाही थोडीफार ठाऊक असते. पराभवानंतर दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला, हेही ठाऊक असते. तैनाती फौज, बारा महिन्यांचा खर्च, तोडून दिलेला मुलूख, हे प्रश्नपत्रिकेत येते.

प्रश्नपत्रिकेत न येणारे एक कलम त्या तहात आहे. तैनाती फौजेसाठी लागणारे धान्य, खाण्यापिण्याच्या वस्तू, कापड, जनावरे यांवर पेशव्याच्या मुलखात जकात लागणार नाही. वाचताना ते किरकोळ वाटते. परंतु विचार करा : नाक्यावर तांडा थांबतो, नाकेदार विचारतो माल कोणाचा, आणि उत्तर येते ‘कंपनीच्या फौजेचा’. तेथे त्याचा प्रश्न संपतो. कान्होजींनी जो प्रश्न सोडला नाही, तो विचारण्याचा अधिकार पेशव्याने सही करून सोडून दिला. शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला १८१७ साली. माझ्या मते नाक्यावर तो पंधरा वर्षे आधीच लागला होता.

म्हणून ‘कागद म्हणजे गुलामी’ हे सूत्र मला उलटे वाटते.

आता माझ्या बाजूचा कच्चा दुवा मीच दाखवते, म्हणजे खाली टिपण्या करणाऱ्यांचे श्रम वाचतील. पेशवाईची जकात काही आदर्श नव्हती. परगण्या-परगण्याला वेगळे नाके, अनेक ठिकाणी वसुलीचा मक्ता, ब्राह्मणांना आणि सरदारांना माफीचे दस्तक आणि त्या माफीचा यथेच्छ गैरवापर. इतके नाके होते की हुंडेकरी नावाचा एक वर्गच निर्माण झाला. व्यापाऱ्याने एकरकमी पैसे द्यायचे आणि वाटेतल्या सगळ्या जकातींची जबाबदारी हुंडेकऱ्याने घ्यायची. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या लोकांची नोंद केली आहे. मामा, न्हावाशेव्याला तुमचे काम पाहणारा जो एजंट आहे, ज्याला तुम्ही रोज फोनवर दोन शब्द जास्तीचे ऐकवता, त्याचे घराणे किती जुने आहे पाहा.

आणखी एक कबुली. आज ज्या कायद्याने तुमचा माल अडला तो १९६२ चा, आणि त्याच्या आधी या क्षेत्रात राज्य करीत होता तो १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा. नमुन्यांची भाषा, कलमांची बांधणी यांत इंग्रजी वारसा आहेच. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील अंतर्गत वाहतूक-जकाती १८३७-३८ च्या सुमारास उठवल्या, त्याने व्यापाऱ्यांची सुटका झाली हेही खरे.

परंतु त्या बदल्यात काय लावले ते विचारा. मिठावर कर, मणाला आठ आणे. परक्या मिठावर नव्हे, येथील आगरांत पिकणाऱ्या मिठावर! १६७१ च्या पत्रातला आगरी येथे पुन्हा भेटतो, फक्त या वेळी सरकार समोरच्या बाजूला उभे असते.

पुढचे आणखी झणझणीत आहे. १८८२ साली हिंदुस्थानच्या बंदरांवरील आयात शुल्क जवळजवळ संपूर्ण उठवण्यात आले. मामांच्या त्या मजकुरातला ‘मोकळा व्यापार’ आपल्याला खरोखर मिळाला तो तेव्हा, आणि तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसाठी होता. १८९४ साली तिजोरी रिकामी पडली म्हणून शुल्क परत आणावे लागले, तेव्हा मँचेस्टरची तक्रार नको म्हणून येथील गिरण्यांच्या मालावरही कर बसवण्यात आला. १८९६ मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के. आपल्याच देशातील माल आपल्याच देशात परक्याइतका महाग. त्या वर्षी टिळकांनी विलायती कापडाविरुद्ध चळवळ उभारली ती याच साडेतीन टक्क्यांवरून. हा कर उठायला १९२६ साल उजाडले.

तेव्हा इंग्रजांवर खापर फोडायचेच असेल तर ते योग्य ठिकाणी फोडा. त्यांनी आपल्याला कागद शिकवला नाही. कागद कोणासाठी लिहायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी घेतला.

हे सगळे ठाऊक का नसते? इतिहास विभागात बसून दोन वर्षे झाल्यावर माझे एक वाईट मत झाले आहे. आपल्याला इतिहास हवा असतो तो तलवारीचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. १९३० नंतर रियासतकार सरदेसायांनी त्यांतून पंचेचाळीस खंड काढले. उपकार अपार, पण निवड मुख्यतः राजकारणाची. त्याआधी गणेश चिमणाजी वाडांनी रोजनिशींतून निवडलेल्या उताऱ्यांत जकात, दस्तक, माफी यांची किती तरी प्रकरणे आहेत. ते खंड ग्रंथालयात मागितले की टेबलावर येताना धूळ घेऊन येतात. मोडी वर्ग भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि शिकलेली मुले पुन्हा पुन्हा त्याच पाच-सात प्रसिद्ध पत्रांची छायाचित्रे वाचून दाखवतात. जकातीचा ताळेबंद कोणी उघडत नाही, कारण त्यावर पोवाडा होत नाही. इंग्रजांनी मात्र राज्य घेताच हे दफ्तर प्रथम उघडले ते हिशेबासाठी. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, कोठे किती वसूल, हे त्यांनी याच कागदांतून काढले.

मी लहान असताना सोलापूर रस्त्यावर महापालिकेचा जकात नाका होता. ट्रकांची रांग, खिडकीत पावत्यांची पुस्तके, चहाच्या टपऱ्या. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली, एलबीटी आला, मग तोही गेला आणि जीएसटी आला. त्या नाक्यावरच्या पावत्या कोणी जपून ठेवल्या असतील असे मला वाटत नाही. कोणाच्या घरी माळ्यावर असतील तर कृपया फेकू नका, मला कळवा.

मामांचा सुटा भाग अकराव्या दिवशी सुटला. ‘यंत्राचा भाग’ म्हणून. फरकाची रक्कम भरावी लागली. त्यांनी गटावर एवढेच विचारले की हुंडेकरी शेकडा किती घेत असे. शोधते आहे, मामा. पुढचा धागा थळभरीत आणि थळमोडीवर.